विमानाने थांबायचे कुठे?

भुसावळला येणारी गाडी आउटर सिग्नलला उभी राहिली, की डब्यातली माणसे खिडकीला नाक लावून बाहेर पाहू लागतात. फलाट रिकामा नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. सुरत-जळगाव मार्ग एकेरी होता तोपर्यंत अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार अशा स्टेशनांवर ‘क्रॉसिंग’साठी ताटकळणे खानदेशातील प्रवाशांच्या अंगवळणी पडलेले होते. रुळाच्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, हा रेल्वेचा मूळ नियम. दुसरीने थांबायचे, आणि थांबलेली गाडी सुरक्षित असते.

विमानाची गोष्ट नेमकी उलटी आहे. पंखांवरून हवा वेगाने वाहत राहिली तरच ते हवेत राहते. त्याला आउटरला उभे करता येत नाही. मग पुढे गर्दी असेल तर विमानाने थांबायचे कुठे? विमानवाहतूक नियंत्रणाचा इतिहास हा बराचसा या एका प्रश्नाला मिळत गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. विमानात रेडिओ नव्हता आणि आकाशात दुसरे कोणी आडवे येण्याची भीतीही नव्हती. पण त्याच दशकात अमेरिकेत गर्दी सुरू झाली होती. डिसेंबर १९३५ मध्ये न्यूअर्क येथे विमान कंपन्यांनीच एकत्र येऊन एक नियंत्रण केंद्र काढले. टेबलावर नकाशा पसरायचा, प्रत्येक विमानासाठी एक खूण ठेवायची आणि निरोप येतील तशी ती पुढे सरकवायची. पुढच्याच वर्षी सरकारने हे काम आपल्याकडे घेतले.

या पद्धतीत नियंत्रकाला विमान दिसत नाही. वैमानिक सांगेल तेच त्याचे डोळे. साहजिकच दोन विमानांमध्ये भरपूर अंतर ठेवावे लागते. एकाच मार्गावर, एकाच उंचीवर जाणाऱ्या दोन विमानांत दहा मिनिटांचे अंतर ठेवण्याची रीत होती. दहा मिनिटे म्हणजे किती? ताशी ८०० किलोमीटर वेगाने सुमारे १३३ किलोमीटर. मागचे विमान जळगाववर असेल, तर पुढचे पारोळा, धुळे ओलांडून थेट साक्रीवर हवे! रडार आल्यावर हेच अंतर जागोजागी पाच सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरपर्यंत आणता आले. जळगावहून निघालेला माणूस तेवढ्यात पाळधीलाही पोचत नाही. आकाश होते तेवढेच राहिले, पण त्यात मावणारी विमाने वाढली. क्षमता ही आकाशात नसते, पाहणाऱ्याच्या नजरेत असते, ती अशी.

मात्र सगळी रडार सारखी नसतात. प्राथमिक रडार लहरी सोडते आणि विमानावर आपटून परतलेला प्रतिध्वनी टिपते. त्यातून दिशा आणि अंतर कळते. उंची कळत नाही. दुय्यम रडार विमानाला प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपाँडर हे उपकरण आपली ओळख व उंची कळवते. हा फरक कागदावर बारीक वाटतो. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी तो फार मोठा ठरला. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ चढत होते. त्याला १४,००० फुटांवर थांबण्यास सांगितले होते. कझाकस्तानचे इल्युशिन ७६ दिल्लीकडे उतरत होते. त्याला १५,००० फुटांची मर्यादा होती. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना वाट एकच होती, कारण आजूबाजूचे आकाश हवाई दलासाठी राखलेले होते. इल्युशिन परवानगी नसलेल्या उंचीवर खाली आले. दिल्लीच्या नियंत्रकापुढे केवळ प्राथमिक रडार होते. दोन ठिपके जवळ येताना त्याला दिसू शकत होते, पण ते एकाच उंचीवर आहेत हे दिसण्याचा मार्ग त्याच्याकडे नव्हता. हरियाणातील चरखी दादरीवर टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे मृत्यू पावली.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष कझाक विमानाच्या चमूवर आला आणि तो योग्यच होता. पण एका माणसाच्या चुकीने टक्कर व्हावी इतकी अरुंद वाट कोणी ठेवली, हा प्रश्नही त्यात होताच. त्यानंतर दिल्लीला येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, दुय्यम रडार वापरात आले आणि समोरच्या विमानाची सूचना वैमानिकाला थेट देणारे टक्करविरोधी उपकरण सक्तीचे झाले. नोव्हेंबर २००३ मध्ये भारतात २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यातले उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आणले गेले. पूर्वी तेथे सात मजले होते, आता तेरा झाले. उंची अचूक मोजणारी उपकरणे विमानात नसती, तर हे धाडस कोणी केले नसते.

वरचे आकाश असे रुंदावत गेले. धावपट्टी मात्र रुंदावत नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात; एकावर विमान उतरत असताना दुसरी मोकळेपणाने वापरता येत नाही. व्यवहारात हिशेब एकाच धावपट्टीचा. गर्दीच्या तासाला तेथे ४६ विमाने चढ-उतार करत. ३,६०० सेकंदांना ४६ ने भागले, तर एका विमानाच्या वाट्याला ७८ सेकंद येतात. ५ जून २०१८ रोजी तेथे २४ तासांत १,००३ विमानांची ये-जा झाली. म्हणजे रात्रंदिवस सरासरी दर ८६ सेकंदांना एक. आम्हाला या आकड्याचे कौतुक वाटते आणि धास्तीही वाटते.

कारण अशा गणितात फट राहत नाही. समजा, जोराचा पाऊस आला आणि तासाला ४६ ऐवजी ३० च विमाने हाताळता आली. येणारी-जाणारी तर ४६ आहेत. तासाभरात १६ विमाने तुंबली आणि शेवटच्याला, दर दोन मिनिटांना एक या हिशेबाने, ३२ मिनिटे थांबावे लागले. पाऊस थांबला तरी रांग लगेच सरत नाही, कारण पुढचा तासही आधीच भरलेला असतो. सकाळच्या सरीची किंमत संध्याकाळच्या प्रवाशाने मोजायची, हा प्रकार यातूनच येतो. विद्यार्थ्यांना हे उदाहरण वेगवेगळे आकडे घालून करू द्यावे.

या रांगेतली विमाने हवेत असतील, तर ती लांबट वर्तुळात, एकावर एक मजले करून घिरट्या घालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मुंबईची गर्दीच्या तासाची संख्या ४६ वरून ४४ वर आणायला सांगितले, तेव्हा विमाने ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालतात, हे कारण दिले होते. तासाला सरासरी २,००० किलो इंधन धरले, तर ४० मिनिटांत सुमारे १,३३३ किलो जळते आणि विमान एक किलोमीटरही पुढे जात नाही. दोन विमाने कमी केल्याने प्रत्येकाला मिळाले जेमतेम साडेतीन सेकंद जास्त. पण भरलेल्या रांगेत तेही थोडके नसतात.

घिरट्यांना पर्याय अमेरिकेत सापडला. तेथे १९७० मध्ये देशभराच्या विमानप्रवाहावर नजर ठेवणारे केंद्र उभे राहिले होते. १९७३ च्या तेलटंचाईत इंधन वाचवणे भाग पडले, तेव्हा उतरायला जागा नसेल तर विमान मुळात उडूच द्यायचे नाही, हा विचार रुजला. ऑगस्ट १९८१ मध्ये नियंत्रकांचा संप झाला, अकरा हजारांहून अधिक जणांना कामावरून काढले गेले आणि उरलेल्या थोड्या माणसांवर देश चालवताना ही पद्धत पक्की झाली. भारतात असे मध्यवर्ती केंद्र दिल्लीत वसंत कुंज येथे असून त्याचे उद्घाटन जून २०२२ मध्ये झाले. आउटर सिग्नल आकाशातून उतरला आणि तुमच्या गावच्या विमानतळावर येऊन उभा राहिला.

जळगावला त्याचा अनुभव आहे. तेथील नव्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. ‘उडान’ योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये वीसपेक्षा कमी आसनांच्या विमानाने मुंबई-जळगाव सेवा सुरू झाली, पण ती टिकली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने सुरुवात केली. तीही बंद पडली. २०२४ मध्ये पुन्हा मुंबईची सेवा आली. कारणे अनेक असतील, परंतु मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट मिळणे ही अडचण सतत होती. यात भौतिकशास्त्रही आहे. अवजड विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे सुटतात, म्हणून त्याच्या मागून येणाऱ्या मध्यम वजनाच्या विमानाला पाच सागरी मैल मागे राहावे लागते. त्यातून पंख्याच्या लहान विमानाचा उतरतानाचा वेगही कमी. अठरा माणसे आणणारे विमान धावपट्टीचा वेळ मात्र १८० माणसे आणणाऱ्याइतका, कधी त्याहून अधिक, खाते. विमानतळ चालवणाऱ्याला हा हिशेब लगेच कळतो. जळगावच्या व्यापाऱ्याला किंवा उपचारासाठी मुंबईला निघालेल्या रुग्णाला तो पटत नाही, आणि का पटावा? रेल्वेतही एक्स्प्रेससाठी पॅसेंजरच बाजूला काढली जाते.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. धावपट्टी वाढली, पण दोन्ही विमानतळांकडे येणाऱ्या विमानांना वाटून घ्यावे लागते ते आकाश एकच आहे. म्हणून जळगावला ऊन पडलेले असते, विमान दारे लावून उभे असते, आणि तरी सुटत नाही. ‘हवा तर स्वच्छ आहे,’ असे कोणीतरी हमखास म्हणते. हवा जळगावची नव्हे, मुंबईची पाहायची असते. तेथे उतरण्याची जी वेळ वाट्याला आली, तीतून तासाभराच्या उड्डाणाचा वेळ वजा करायचा. जे उत्तर येईल, ती जळगावहून सुटण्याची वेळ.