सिंधुदुर्गातील ग्रामीण वास्तू व त्यांचे छायाचित्रण

सिंधुदुर्गातील ग्रामीण वास्तू : सह्याद्री व अरबी समुद्र यांच्या दरम्यान वसलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जुनी घरे, गोठे, मांगर, विहिरी, गडगे आणि ग्रामदेवतांची देवळे यांचा समावेश या संज्ञेत होतो. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. एकोणिसाव्या शतकात मालवण, देवगड व वेंगुर्ले हा किनारा ब्रिटिश अंमलाखाली, तर कुडाळ, बांदे हा आतला मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. राजकीय सीमा बदलल्या तरी दोन्हींकडील घरबांधणीत मोठा फरक पडला नाही. कारण ती मुख्यतः दगड, लाकूड आणि पाऊस यांवर ठरत आली.

दगड म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील याच जातीच्या दगडाचे वर्णन १८०७ मध्ये प्रसिद्ध करून त्याला वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो व हत्याराने सहज कापता येतो. हवा लागल्यावर तो टणक होतो. या गुणामुळे त्याचे चौकोनी चिरे पाडणे खेड्यातील कारागिरालाही शक्य झाले. गडगा केवळ दगडावर दगड रचून उभारला जाई. घराच्या भिंती मात्र मातीत किंवा चुन्यात बांधीत. गरिबाचे घर बहुधा निव्वळ मातीचे असे आणि त्याला जांभ्याचा फक्त चौथरा लाभे.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी सु. ३०० सेंमी. पाऊस पडतो. म्हणून छपराला उतार अधिक, वळचण भिंतीपासून बरीच पुढे आणि चौथरा उंच. घरापुढे सारवलेले खळे व त्यात तुळशीवृंदावन. त्यापुढे लोटा अथवा पडवी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि शेवटी मागीलदार असा क्रम सामान्यतः आढळतो. परका माणूस कोठवर येईल, हे या क्रमानेच ठरत असे. भात झोडपणे, कोकमे वाळविणे, लग्नाचा माटव घालणे ही सर्व कामे खळ्यात होत. तेव्हा खळे हे घराचे अंगण नसून छपराविना असलेले एक दालनच होय, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. वासे, तुळया व खांब यांसाठी फणस, ऐन, किंजळ आणि माड यांचे लाकूड वापरीत.

छपराचा इतिहास भिंतींहून वेगळा आहे. पूर्वी गवत, भाताचा पेंढा व विणलेली चुडते किंवा नळीची कौले यांनी घर शाकारीत. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर तेथील चपटी कौले गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरू लागली. मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत कामास गेलेल्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींनी हा पालट घडवून आणण्यास मोठा हातभार लावला. कौलाच्या पोटाशी कारखान्याचे नाव आणि पुष्कळदा १८६५ हा आकडा उठविलेला असतो. हे कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष होय, घराच्या बांधणीचे नव्हे. शिवाय जुन्या भिंतींवर नवे छप्पर चढविण्याची रीत सार्वत्रिक असल्याने केवळ कौलावरून घराचा काळ ठरविणे धोक्याचे आहे.

देवळांतही हीच बांधणी मोठ्या प्रमाणावर दिसते. वालावल येथील लक्ष्मीनारायण मंदिर त्याच्या कोरीव खांबांसाठी व शेजारच्या तळ्यासाठी प्रसिद्ध आहे. धामापूर येथे नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधविलेला तलाव व त्याच्या काठचे भगवती मंदिर यांचा एकत्र विचार करावा लागतो. सिंचन व जलनिःसारण यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये या तलावाचा जागतिक वारसा सिंचन स्थळांत समावेश केला. अनेक गावांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली लाकडी सभामंडप उतरवून सिमेंट-काँक्रीटचे मंडप उभारण्यात आले. भाविकांची सोय झाली, हे खरे. पण जे गेले त्याचे साधे छायाचित्रही बहुधा उरले नाही.

या उपेक्षेचे कारण अभ्यासाच्या परंपरेत आहे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि पुढे पुरातत्त्व खात्याने छायाचित्रणाचा उपयोग केला. परंतु भर लेणी, दुर्ग व मंदिरे यांवर राहिला. शेतकऱ्याचे घर ही वास्तुकला मानण्याची दृष्टी यूरोपातही उशिरा आली. जूझेप्पे पागानो या वास्तुविशारदाने इटलीतील डोंगराळ व सपाट प्रदेशांतील शेतघरांची छायाचित्रे स्वतः घेऊन ती १९३६ च्या मिलान येथील त्रैवार्षिक प्रदर्शनात मांडली. हवामान, साधनसामग्री व शेतीची गरज यांतून आकार कसा घडतो, हे त्याला दाखवावयाचे होते. बर्नार्ड रुडॉफ्स्की याने १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे भरविलेल्या प्रदर्शनाने हा विचार जगभर पोहोचविला. सिंधुदुर्गाला पागानोची पद्धत चांगली लागू पडते, कारण येथेही उत्तरे छपराच्या उतारात व चौथऱ्याच्या उंचीत सापडतात.

अशा नोंदीसाठी दर्शनी भागाचे सुंदर चित्र पुरेसे नसते. माजघरात उजेड अपुरा असल्याने तिपाई व दीर्घ प्रकाशन आवश्यक ठरते. प्रत्येक चित्रात मोजपट्टी, सोबत मोजमापांसह आराखडा आणि खोल्यांची स्थानिक नावे हवीत. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात अशा दोन फेऱ्या केल्यास वळचणीचे व पन्हळीचे कार्य कळते. देवघर, देवराई किंवा ग्रामदेवतेचा गाभारा यांचे छायाचित्रण घरच्यांच्या अथवा मानकऱ्यांच्या संमतीविना करू नये.

मुख्य अडचण बंद दारांची आहे. घर सामाईक, भाऊबंद मुंबईत, आणि दार उघडते ते गणेशचतुर्थीस किंवा शिमग्यास. एक कौल सरकले की पाणी वाशात, मग भिंतीत उतरते आणि मातीची भिंत काही पावसाळ्यांत बसते. दुरुस्तीस सर्व हिस्सेदारांचे एकमत लागते. तोवर घर थांबत नाही. म्हणून गणपतीचे दिवस हे नोंदीसाठी सर्वांत उपयुक्त होत. त्या वेळी घर उघडे असते आणि खोल्यांची नावे व वाटण्यांचा इतिहास सांगणारी वडीलधारी माणसेही तेथे असतात. घर मोडावयाचे ठरलेच, तर ते उतरविताना छायाचित्रे घ्यावीत. भिंतीचा गाभा, चिऱ्यांची सांधणी, तुळयांच्या खाचा व छपराखाली दडलेला पूर्वीच्या छपराचा उतार या गोष्टी त्या एक-दोन दिवसांतच दिसतात.