बिंदुपथ : छायाग्राचा मार्ग

दिलेली भौमितिक अट पाळणाऱ्या सर्व बिंदूंची मिळून होणारी आकृती म्हणजे बिंदुपथ. एका बिंदूपासून समान अंतरावर असणाऱ्या प्रतलातील बिंदूंचा पथ वर्तुळ असतो; दोन बिंदूंपासून समदूर बिंदूंचा पथ त्यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक असतो. काही थोडे बिंदू तपासून मात्र पथ सिद्ध होत नाही. भारतीय ज्योतिषाच्या इतिहासात याचे एक बोधक उदाहरण आढळते.

दिशा व काल ठरविण्यासाठी सपाट भूमीवर १२ अंगुळांचा शंकू (येथे शंकू म्हणजे उभी काठी) रोवीत. सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारात एकाच दिवशीची तीन छायाग्रे घेऊन त्यांतून वर्तुळ काढण्यास सांगितले आहे. त्यासाठी दोन दोन बिंदूंभोवती परस्परांस छेदणारी समान वर्तुळे काढून ‘मत्स्य’ तयार करीत. माशाच्या मुखातून व पुच्छातून जाणारी रेषा हाच लंबदुभाजक. अशा दोन रेषांचा छेदनबिंदू वर्तुळमध्य होतो. रचना निर्दोष आहे. दोष गृहीतात आहे. एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून वर्तुळ जातेच, त्यामुळे ही रीत स्वतःची चूक कधीच उघड करीत नाही. ती चौथ्या छायाग्राने उघड होते. शिवाय सूर्योदयास्ताच्या सुमारास छाया अमर्याद लांबते, वर्तुळ मात्र मर्यादित असते.

भास्कराचार्यांनी (जन्म १११४) सिद्धांतशिरोमणी (११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात तीन छायाग्रांवरून वर्तुळ काढण्याचे हे मत अग्राह्य ठरविले. प्रमाण मानल्या गेलेल्या ग्रंथातील रीतीचा असा स्पष्ट इन्कार लक्षणीय आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील सुमारे १२०७ च्या शिलालेखात आहे.

दिवसभरात शंकूच्या टोकातून जाणारे सूर्यकिरण मिळून खगोलीय अक्षाभोवती शंकुपृष्ठ तयार होते (हा शंकू घनाकृती). भूमीचे प्रतल त्यास छेदते, म्हणून छायाग्राचा पथ शंकुच्छेद असतो आणि महाराष्ट्राच्या अक्षांशांवर तो अपास्त असतो. माध्यान्हाजवळ वर्तुळ व अपास्त यांतील अंतर अल्प असल्याने जुनी रीत व्यवहारात चालून गेली असावी.

बीड जिल्ह्यातील नारायणगड सुमारे १९° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे १२ अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी माध्यान्ह छाया चार अंगुळांहून किंचित अधिक भरते व छायाग्र जवळजवळ पूर्व-पश्चिम सरळ रेषेत सरकते. हिवाळ्यात अपास्त उत्तरेकडे उघडे असते, उन्हाळ्यात ते दक्षिणेकडे वळते. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस तेथे माध्यान्ह छाया नाहीशी होते. त्या दिवशी पथ शंकूच्या पायथ्यातूनच जातो.