गांवाचें नांव आणि नांवाची शिस्त



मुलाचें नांव आईबाप हौसेनें ठेवितात. गांवाचें नांव मात्र केवळ हौसेवर सोडून चालत नाहीं. जमिनीचा सारा, वतनाचा हक्क, वारसाचा वाद, हें सारें दप्तरांतल्या नांवावर उभें असतें. एका यादींत एका नांवाचीं दोन गांवें राहिलीं, तर एकाचें शेत दुसऱ्याच्या माथीं बसावयास वेळ लागत नाहीं. म्हणून जुन्या कारकुनांनीं नांवांना एक शिस्त लाविली. तिच्या खुणा आमच्या महाड-पोलादपूर भागांत पावलोपावलीं दिसतात.

समर्थांच्या वास्तव्यानें प्रसिद्ध झालेल्या शिवथरघळीचा परिसर घ्या. तेथें शिवथर एक नाहीं, तीन आहेत : कसबे शिवथर, आंबे शिवथर आणि कुंभे शिवथर. पोलादपुराकडे वळलें तर कापडे बुद्रुक आणि कापडे खुर्द, कोतवाल बुद्रुक आणि कोतवाल खुर्द अशा जोड्या भेटतात. तुर्भे तर तीन : बुद्रुक, खुर्द आणि खोंडा. मूळ नांव कायम ठेवावयाचें आणि भेद दाखविणारा एक शब्द त्यास जोडावयाचा, हा पहिला नियम. तेवढ्यानें भागलें नाहीं तर वरच्या मुलुखाचें नांव जोडावयाचें, हा दुसरा. ‘अमुक तर्फे तमुक’ अशीं जीं नांवें रायगड जिल्ह्याच्या महसुली यादींत आढळतात, तीं या दुसऱ्या नियमाचीं.

बुद्रुक हें फारसी ‘बुजुर्ग’ या शब्दाचें मराठी रूप, अर्थ थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. तर्फ आणि कसबा हे शब्द अरबी. येथें एक मौज ध्यानांत घेण्यासारखी आहे. महाड तालुक्यांतील ज्या रायगडावर १६७४ सालीं शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्याच राज्यांत पुढें राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. त्याचे वर्ग दहा. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनौबताचा सेनापति झाला. परंतु गांवांच्या नांवांतील बुद्रुक आणि खुर्द जागचे हलले नाहींत. कारण उघड आहे. अधिकाऱ्याची पदवी आज्ञेनें पालटते. गांवाचें नांव मात्र शेंकडों कागदांत आणि हजारों तोंडांत गुंतलेलें असतें.

नांवांत वस्तूची स्थिति सांगितली तर काळ तिला खोटी पाडतो. आज बुद्रुक म्हणविणारें गांव वस्तीनें थोरलें असेलच असें नाहीं. तरीहि नांव निरुपयोगी होत नाहीं, कारण आतां तें वर्णन राहिलें नसून केवळ खूण झालें आहे. पण ती खूण किती नाजूक पाहा! दप्तरांत ‘बु॥’ आणि ‘खु॥’ एवढेंच लिहितात. नक्कल करतांना ती एवढीशी अक्षरें गळलीं, कीं मालक एका गांवीं आणि जमीन दुसऱ्या गांवीं.

नांवें बदलतातहि. १६५६ सालीं जावळीकर मोऱ्यांकडून घेतलेली रायरी पुढें रायगड झाली. आणि १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्यास त्याच रायगडाचें नांव मिळालें. नांव बदललें तरी जुना कागद नव्या कागदाशीं जुळला पाहिजे. आजच्या संगणकीय नोंदींत यासाठींच नांवाशेजारीं अंक असतो. २०११ च्या जनगणनेंत प्रत्येक महसुली गांवास सहा अंकी क्रमांक आहे. नांव लोकांच्या जिभेसाठीं, अंक यंत्राच्या स्मरणासाठीं.

मात्र हा क्रमांक महसुली गांवाचा. त्याच्या पोटांतील वाडीचा नव्हे. आणि आमच्या डोंगरांत माणूस राहतो तो वाडींत! २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांत तळिये येथें दरड कोसळली. गाडली गेली ती तेथील कोंढाळकरवाडी. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यांत केवनाळे आणि साखर गांवाची सुतारवाडी येथेंहि दरडी आल्या. सुतारवाडी नांवाचें गांव याच जिल्ह्यांत रोहा तालुक्यांतहि आहे. अशा वेळीं नुसतें ‘सुतारवाडी’ म्हणून हांक पोंचली, तर मदतीनें धांवावें कोणीकडे?

म्हणून माझें सांगणें एवढेंच, कीं अर्जावर, दाखल्यावर, निरोपांत आपल्या वस्तीचें नांव एकटें लिहूं नका. वाडी, गांव, तालुका, जिल्हा अशी सारी सांखळी लिहा, आणि बुद्रुक-खुर्द गाळूं नका. पूर्वीच्या कारकुनानें तो शब्द शाईनें जोडला, तो शोभेसाठीं नव्हे. ज्याचें त्याला पोंचावें म्हणून.