घरातलं वाचन : कोण कोणाला वाचून दाखवत होतं?

मंडळी, आपण शिरगावात बसलो आहोत, तेव्हा बोलणं मावळाबद्दलच करू. लहान मुलाला जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखवणं हा शिकलेल्या, शहरी घरांचा नाद आहे, असं आपण सर्रास ऐकतो. ‘आमच्यात कुठं होतं ते?’ असं म्हणणाऱ्या आज्या गावोगाव भेटतात. आमच्या मते हे अर्धंच खरं आहे.

जुन्या हस्तलिखित पोथीत शब्द एकमेकांना चिकटून लिहिलेले असत. तोंडानं म्हणत गेलं की ते सुटे होत. श्रीधरांचा ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘शिवलीलामृत’ १७१८ चं. दोन्ही ओवीबद्ध, म्हणजे कानासाठीच रचलेले. चातुर्मासात पोथी लागली की एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हे वाचन मुलांसाठी नव्हतं, पण मूल तिथंच असायचं, कुणाच्या तरी मांडीवर पेंगत. कृष्णाच्या खोड्या आल्या की डोळे उघडायचे!

खास मुलांसाठी छापणं त्यामानानं उशिराचं. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ मासिक १८८१ मध्ये निघालं, वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ मध्ये. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं. रोज रात्री एक गोष्ट, ही सांगण्याची रीत छापील पुस्तकातही टिकली.

पण ते वाचणार कोण? १९५१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता नऊ टक्क्यांच्याही आत होती. अशा कितीतरी घरांत वाचता येणारं पहिलं माणूस म्हणजे शाळेत जाणारं पोर. मुंबईच्या गिरणीतून पत्र आलं की हाक त्यालाच. पोथीही पुढं त्याच्याकडंच आली. ‘हळू वाच रं, परत वाच,’ असं म्हणत मोठी माणसं ऐकायची. म्हणजे घरात मोठ्यानं वाचणं होतंच, फक्त उलट्या दिशेनं. शिक्षणाच्या इतिहासात शाळा मोजल्या जातात, हे ओट्यावरचं वाचन कुणी मोजत नाही.

इथून जवळच, तळेगाव दाभाड्याला, गो. नी. दांडेकर राहिले. त्यांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’त हाच मावळ आहे. त्यांची कन्या वीणा देव यांनी घरच्या मंडळींना बरोबर घेऊन वडिलांच्या कादंबऱ्यांचं जाहीर अभिवाचन अनेक वर्षं केलं. अगदी लहानांची ती पुस्तकं नव्हेत, हे खरं. पण मावळच्या बोलीतलं एखादं पान नातवंडानं घरी मोठ्यानं वाचायला घेतलं की वेगळंच घडतं. पोर पुस्तकी हेल काढतं, आणि अक्षर न येणारी आजी चुलीपाशी बसून त्याला अडवते, ‘तसं नाय म्हणत रं आपण.’