गाठीवरचा नंबर

१८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वे खानदेशात पोहोचली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि जळगाव बघता बघता कापसाची मोठी पेठ झाले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, पेठेने जबर मार खाल्ला. पण कापसातून सरकी काढणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस, हे वाफेवरचे कारखाने टिकले आणि वाढले, पुढच्या दशकात जळगावात कापडगिरणीही उभी राहिली. नवे यंत्र घेण्यात खानदेश कधी कचरला नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी धंदा तयार कसा करायचा, असे विचारणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या व्यापाऱ्याने या यंत्रांच्या पुढच्या साठ वर्षांकडे पाहावे. यंत्र लवकर आले, पण चांगल्या मालाला चांगला भाव फार उशिरा मिळू लागला. मधला काळ यंत्र शिकण्यात गेला नाही. माल कोणता, कुणाचा आणि किती, हे खात्रीने सांगण्याची सोयच नव्हती, त्यात तो गेला.

बियाण्याची गोष्ट घ्या. स्थानिक आखूड धाग्याच्या कापसाऐवजी लांब धाग्याचे हिंगणघाटी बी खानदेशात रुजवण्याचा कलेक्टर ॲशबर्नर यांनी १८६०च्या दशकात जोरदार प्रयत्न केला आणि काही वर्षे तो यशस्वीही झाला. पण हिंगणघाटी कापसाचा रुईचा उतारा, म्हणजे सरकी काढल्यावर मिळणारी रुई, कमी पडे. लांब धाग्याला जास्त भाव मिळाला असता तर ही तूट भरून निघाली असती. तो मिळत नव्हता, कारण जिनात सगळ्यांचा कापूस एकाच ढिगात पडे आणि गाठ बांधल्यावर आत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नसे. त्याच जिनातली मिसळलेली सरकी पुढच्या हंगामात बी म्हणून शेतात जाई. शतक संपेपर्यंत आखूड धाग्याचा, भरपूर उताऱ्याचा कापूस पुन्हा सगळीकडे झाला. शेतकऱ्याला अडाणी ठरवणारे शेरे तेव्हा बरेच झाले, पण त्याचा हिशेब चोख होता. ज्या गुणाची नोंद होत नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत.

भेसळीवर मुंबई सरकारने १८६३ मध्येच कायदा केला होता. त्याचा मुख्य भर गुन्हेगार पकडण्यावर होता. माग काढायची सोय नसताना पकडणार कुणाला? खरा फरक पडला तो कंटाळवाण्या वाटणाऱ्या कायद्यांनी. १९२३च्या कापूस वाहतूक कायद्याने हलका कापूस चांगल्या कापसाच्या मुलखात आणण्यावर बंधन घालता आले. १९२५च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने कारखान्यांना नोंदवह्या ठेवाव्या लागल्या आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक आला. १९२७ मध्ये मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा झाला आणि १९३०च्या सुमारास धुळ्याचा बाजार त्याखाली आला. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव, कडत्याच्या नावाने वजनातली मनमानी कपात, धर्मादायाच्या नावाची कपात, या सगळ्याला उघडा लिलाव, परवानाधारक मापाडी आणि ठरलेली तोलाई हे उत्तर होते. या उत्तरात एकही नवे यंत्र नव्हते.

यावर कुणी म्हणेल, नोंदी नसतानाही गिरण्या चालल्या आणि मालक श्रीमंत झाले. खरे आहे. पण गिरणी आपला कापूस स्वतः पारखून घेऊ शकत होती. ज्याच्याकडे पारखी माणूस होता त्याला यंत्र फळले, बाकीच्यांच्या वाट्याला मिसळ आली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आजची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली वाकडेतिकडे हस्ताक्षर वाचते, अर्धवट वहीतूनही अर्थ काढते, मग आधी शिस्त कशाला? वही वाचता येईल हे मान्य. पण दोन गाड्यांचा माल वहीत उतरण्यापूर्वीच एक झाला असेल, तर वहीतून तो वेगळा कोण करणार? गाठीत दाबलेली रुई जशी पुन्हा शेतवार निवडता येत नाही, तशीच ही गत.

हीच गोष्ट आजच्या डाळीच्या धंद्यात दिसते. जळगावच्या डाळमिलमध्ये दाणे निवडणारे सॉर्टेक्स यंत्र आता नवलाईचे राहिलेले नाही. कॅमेरा डागी दाणा टिपतो, हवेचा झोत तो उडवतो. पण कोणत्या बाजारातली तूर घेतली, तिच्यात ओल किती होती, त्या लॉटचा डाळीचा उतारा किती पडला आणि ग्राहकाकडून परत आलेले पोते कोणत्या लॉटचे, हे सॉर्टेक्स सांगत नाही. पुढच्या वर्षीच्या खरेदीचा सल्ला कृत्रिम बुद्धिमत्तेकडून हवा असेल तर तिला हेच लागणार. लहान मिलवाल्याला हा खर्च परवडायचा नाही, ही तक्रार मला फारशी पटत नाही. लॉटला नंबर, आवक-जावकेचा खरा काटा आणि तक्रारीची तारखेसह नोंद, यांचा खर्च एका मुनीमजींच्या पगारात बसतो. अडचण पैशाची कमी आणि उघडेपणाची जास्त आहे. कडता आणि तोलाईची कपात कागदावर येणे धुळ्याच्या कापूस बाजारात ज्यांना नको होते, तेही यंत्राच्या विरोधात नव्हतेच.