एडो शहरांतील महागडें पान

टोकियोचें जुनें नांव एडो. इ. स. १६५७ च्या प्रचंड आगींत हें शहर बहुतेक जळून गेलें आणि तें पुन्हां उभारण्यासाठीं सुतार, गवंडी व मजूर यांची तेथें रीघ लागली. या एकट्यादुकट्या पुरुषांसाठीं आसाकुसाच्या देवळापाशीं चहाच्या पाण्यांत शिजविलेला भात विकणारीं दुकानें निघालीं. जपानांतील उंची भोजनगृहांची वंशावळ अशी मजुरांच्या खाणावळीपर्यंत जाऊन पोंचते!

पुढें शहराची वस्ती दहा लाखांच्या घरांत गेली. सरदारांना आळीपाळीनें एडोंत राहावें लागे. त्यांचे कारभारी परस्परांशीं मसलती करीत त्या भोजनगृहांत, आणि अर्थात् धन्याच्या खर्चानें. अशा गिऱ्हाइकांवर जीं घरें पोसलीं त्यांत ‘याओझेन’ हें अग्रगण्य. त्याचा मालक कुरियामा झेंशिरो हा मोठा रसिक गृहस्थ. त्यानें १८२२ पासून पाकशास्त्रावरील आपला ग्रंथ भागशः प्रसिद्ध केला व त्यासाठीं बुंचो, होइत्सु यांसारख्या नामवंत चित्रकारांकडून चित्रें मिळविलीं.

याच घराची एक गोष्ट तत्कालीन टिपणांत आढळते. खाऊन खाऊन कंटाळलेले कांहीं शौकीन तेथें आले आणि त्यांनीं साधा चहाभात व लोणचें मागितलें. अर्धा दिवस बसवून ठेवल्यावर पानें आलीं. हिशेब झाला दीड र्‍यो! एका र्‍योला साधारण वर्षांत सुमारें एक कोकु तांदूळ येई, आणि एक कोकु म्हणजे एका माणसाचा वर्षाचा भात. गिऱ्हाइकें चकित झालीं. मालकानें शांतपणें खुलासा केला, कीं लोणच्यांतील वांगीं व काकडी हंगामापूर्वींचीं आहेत, आणि या चहाला योग्य असें पाणी आणण्यासाठीं तामा नदीच्या वरच्या अंगाला खास जासूद धाडला होता. वस्तुतः त्याच नदीचें पाणी १६५३ सालीं खणलेल्या कालव्यानें शहराच्या मोठ्या भागाला मिळत होतें! गोष्टींत पदरचें मीठमसाला असेलही; पण ती खरी मानली गेली, यांतच त्या काळाची परीक्षा आहे.

कारण लवकरच, १८३३ पासून, दुष्काळ पडला. ईशान्येकडील प्रांतांत माणसें अन्नावांचून मेलीं. १८३७ मध्यें ओसाकांत ओशिओ हेइहाचिरो या माजी पोलीस अधिकाऱ्यानें बंड करून व्यापाऱ्यांच्या पेढ्यांना आग लावली. त्याच सुमारास हिरोशिगे हा एडोंतील नामांकित भोजनगृहांचीं रंगीत चित्रें छापीत होता. त्यांत याओझेनही आहे. १८४१ मध्यें मुख्य मंत्री मिझुनो तादाकुनि यानें चैनीविरुद्ध फर्मानें काढलीं. हंगामापूर्वीं भाज्या पिकविण्यासही मनाई झाली. परंतु १८४३ सालीं मिझुनो स्वतःच पदच्युत झाला आणि भोजनगृहांचे दिवे पुन्हां लागले.

१८५४ च्या मार्चमध्यें अमेरिकन नौसेनापति पेरी योकोहामास उतरला, तेव्हां सरकारनें मेजवानीचें काम ‘मोमोकावा’ या एडोंतील प्रख्यात घरास दिलें. नाजूक वाडग्यांची रांग लागली; खलाशी पेशाच्या पाहुण्यांचें मात्र त्यानें पोट भरलें नाहीं. थोड्याच दिवसांनीं पेरीनें आपल्या जहाजावर उलट मेजवानी दिली. जपानी अधिकाऱ्यांनीं मांस आणि मद्य यांचा मनमुराद समाचार घेतला आणि उठतांना, आपल्या देशाच्या रिवाजाप्रमाणें, उरलेले पदार्थ कागदांत गुंडाळून अंगरख्याच्या बाह्यांत घालून घरीं नेले.