परिसराची सुरक्षितता आणि आकड्यांची भाषा

घर विकत वा भाड्याने घेताना पाण्याची वेळ, शाळा, रेल्वे स्थानकाचे अंतर यांची बारकाईने चौकशी केली जाते. परिसर सुरक्षित आहे का, हा प्रश्न मात्र बहुधा दलालाच्या शब्दावर किंवा ऐकीव गोष्टींवर सोडला जातो. एखाद्या वस्तीचे नाव एकदा खराब झाले की ते वर्षानुवर्षे चिकटून राहते आणि त्याची किंमत तेथील रहिवाशांना मोजावी लागते. शांत म्हणून नावाजलेल्या वसाहतीत दिवसा बंद घरांची कुलुपे तुटत असली, तरी त्याची चर्चा जिन्यापलीकडे जात नाही. अशा वेळी गुन्ह्यांच्या आकडेवारीचा आधार घेणे योग्यच. पण ती वाचायची कशी, हे समजून घ्यायला हवे.

गुन्ह्यांचा दर म्हणजे काय?

१९८६मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतो. त्यातील दर म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे नोंदविले गेलेले गुन्हे. समजा, एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत दोन लाख लोक राहतात आणि वर्षभरात ३०० गुन्हे नोंदले गेले, तर तेथील दर १५० होतो. गणित सोपे आहे. अडचण आहे ती भागाकारातील दोन्ही संख्यांची.

पहिली अडचण लोकसंख्येची. महानगरांचा दर काढताना या अहवालांत २०११च्या जनगणनेतील लोकसंख्या धरण्यात आली आहे. त्यानंतर झपाट्याने वाढलेल्या पुण्यासारख्या शहराचा दर त्यामुळे प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. शिवाय बाजारपेठा व स्थानकांच्या परिसरात दिवसभर येणारी-जाणारी गर्दी रहिवाशांत मोजली जात नाही; तिच्या खिशातून गेलेली पाकिटे मात्र त्याच परिसराच्या नावावर जमा होतात.

हद्दही बदलते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि पुणे शहर व ग्रामीण पोलिसांकडील काही ठाणी त्याकडे गेली. या बदलाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून पुण्यातील गुन्हे घटले, असे म्हणणे चुकीचे ठरेल.

घडलेले आणि नोंदलेले

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो, नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील मोबाइलचोरी हे याचे बोलके उदाहरण. लोकलमध्ये चोरीस गेलेले मोबाइल पूर्वी सर्रास 'गहाळ' म्हणून नोंदले जात. २०१७मध्ये लोहमार्ग पोलिसांनी अशा तक्रारी चोरी म्हणून दाखल करण्यास सुरुवात केली आणि एका वर्षात हा आकडा अनेक पटींनी वाढला. बदल घडला तो प्रामुख्याने नोंदवहीत.

एकाच घटनेत अनेक गुन्हे घडल्यास वार्षिक अहवालात त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. अदखलपात्र तक्रारी, म्हणजे बोलीभाषेतील 'एनसी', या प्रथम खबर अहवालात येत नाहीत. म्हणून सर्व गुन्ह्यांची बेरीज पाहण्यापेक्षा प्रकार पाहणे अधिक उपयोगी असते. खून लपविणे कठीण असते. वाहन चोरीस गेल्यास विम्यासाठी पोलिसांतील नोंद आवश्यक असते. त्यामुळे हे आकडे वास्तवाच्या बरेच जवळ असतात. याउलट छेडछाड आणि घरातील मारहाण यांची नोंद बदनामीच्या भीतीने टळते. या रकान्यातील शून्य हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. कदाचित तेथील स्त्रियांना ठाण्याची पायरी चढणे अवघड वाटत असेल.

लहान हद्दीत टक्केवारीही फसवी ठरते. गेल्या वर्षी दोन जबरी चोऱ्या आणि यंदा चार, ही वाढ शंभर टक्के भरते. एका वर्षावरून निष्कर्ष न काढता तीन ते पाच वर्षांचा कल पाहावा.

माहिती कोठे मिळते?

सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये दिलेल्या आदेशानुसार प्रथम खबर अहवाल साधारणतः २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक झाले. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडून ते पाहता येतात. घरफोडी दिवसा झाली की रात्री, सोनसाखळी कोणत्या रस्त्यावर खेचली गेली, असा तपशील त्यात सापडतो. रहिवाशांच्या दृष्टीने तो शहराच्या सरासरी दरापेक्षा मोलाचा असतो. मात्र लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार यांसारख्या संवेदनशील गुन्ह्यांचे अहवाल तेथे ठेवले जात नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

तक्रार हाच पाया

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३मध्ये ललिताकुमारी प्रकरणात दिला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठविता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारली गेल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा मार्ग खुला आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हिसकावून केलेल्या चोरीला कलम ३०४मध्ये स्वतंत्र गुन्ह्याचे स्थान दिले आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

तरीही 'कोण त्या भानगडीत पडणार' म्हणून अनेक तक्रारी दारातच विरतात. गस्त कोठे वाढवायची, दिवे आणि कॅमेरे कोठे मागायचे, हे ठरविताना नोंदलेल्या घटनाच पुढे ठेवता येतात. ज्या गल्लीतून तक्रार जात नाही, ती गल्ली कागदावर सुरक्षितच राहते आणि तेथील काळोखही तसाच राहतो. नोंदणी वाढल्यामुळे एखाद्या वर्षी आकडा फुगला, तर त्याने परिसराची बदनामी होते असे मानण्याचे कारण नाही. रहिवासी बोलू लागले आणि पोलीस ऐकू लागले, याचेही ते लक्षण असू शकते.